गावंडे सरांची वासरी

गावंडे सरांनी 'पण' हा शब्द सोडून दिला, हे आमच्या स्टाफरूममध्ये बहुधा सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. मी कमी बोलते, त्यामुळे ऐकायला वेळ असतो. थंडी सरत आली होती. सर शिपायाला म्हणाले, "खिडकी लाव, लेकिन जराशी उघडी ठेव." मग संचालकांना म्हणाले, "येतो, लेकिन तास झाल्यावर." आमच्याकडे बोलण्यात हिंदी-उर्दू शब्द येतातच, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. मला मात्र वाटायचं, सरांच्या वऱ्हाडीत अचानक कुणीतरी शेरवानी घालून येऊन बसलं आहे.

मग 'पाहतो'चं 'देखतो' झालं. 'बरं'चं 'ठीक' झालं. एका दुपारी वह्या तपासता तपासता मला कळलं, की सर प, फ, ब आणि भ या अक्षरांना वळसा घालून चालले आहेत. ही अक्षरं ओठ घट्ट मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि सरांचे ओठ आता घट्ट मिटत नव्हते. 'म'ची हवा नाकातून जाते, म्हणून तो तेवढा निभत होता.

अमरावतीत गाडगेनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये सर जीवशास्त्र शिकवायचे आणि मी इंग्रजी. त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पत्नी वारल्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाऊ आणि वहिनी बाळापूरला, घरची शेती सांभाळून. मी अकोल्याची. शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी बोलताना अजूनही आधी मनात वाक्य जुळवून घेते, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असते. सर मला 'म्याडम' म्हणायचे. आमचं बोलणं 'गुड मॉर्निंग'च्या पुढं क्वचितच जायचं.

आजाराच्या आधीचे सर मला आठवतात ते गच्चीवरचे. शेवटची बॅच सुटली की ते जिना चढून वर जायचे, पाण्याच्या टाकीला टेकायचे आणि बासरी वाजवायचे. कोणता राग, मला कळायचं नाही. खाली ऑटोंचे हॉर्न, पोरांचा दंगा, पाणीपुरीवाल्याच्या झाऱ्याचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या वरून बासरी. दूरच्या खोलीत कुणी झोपेत काहीतरी सांगत असावं, आणि शब्द कळत नसले तरी आपण दाराशी थांबून राहावं, तसं व्हायचं. मी वरच्या जिन्यात थांबायची. सरांना ते ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. सूर्य मावळला की बासरी थांबायची आणि त्याआधी मी खाली आलेली असायची.

एकदा संचालकांनी त्यांना गॅदरिंगमध्ये वाजवायला सांगितलं. सर म्हणाले, "मी वाजवत नाही जी. मी दम खातो."

'दम खा' हे त्यांचं सगळ्यांना सांगणं होतं. घाईघाईनं शंका विचारणाऱ्या पोराला, "दम खा बे, उत्तर पळून जात नाही." पेपर तपासताना कपाळाला आठ्या घालून बसलेल्या मला, "म्याडम, दम खा. पोरगं नापास होणारच हाय, हळूहळू होऊ द्या." वर्गात ते काहीही शिकवण्याआधी पंखा बंद करायचे, स्वतःही क्षणभर गप्प उभे राहायचे, आणि पोरांचा श्वास खाली बसला की खडू उचलायचे. मे महिन्यातही. पोरं घामानं निथळायची, पण कुणी पंखा लावा म्हणत नसे.

मग त्या थंडीत एका पहाटे ते बाळापूरहून मोटारसायकलवर आले. कानाला रुमालसुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळालं. डॉक्टरांनी चेहऱ्याच्या नसेचं नाव सांगितलं. सर दर वर्षी तिची आकृती फळ्यावर काढत. लोकांनी मात्र आपलं जुनं नाव दिलं. तोंडावरून वारं गेलं. सरांना लोकांचं नाव जास्त पटलं. रजेवरून परत आले तेव्हा म्हणाले, "जे वारं आत घ्यायचं, ते वरून गेलं."

उजवा डोळा मिटत नसल्यानं ते काळा चष्मा लावायचे. स्टाफरूममध्ये त्यांनी खुर्ची बदलली आणि उजवी बाजू भिंतीकडे येईल असे बसू लागले. चहा सगळ्यांसमोर प्यायचं बंद केलं. आणि नेमका तेव्हाच त्यांचा श्वसनाचा धडा आला.

माझा वर्ग शेजारी होता, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. मी पोरांना निबंध लिहायला देऊन कान तिकडं लावला होता. फुफ्फुस हा शब्द टाळून श्वसन कसं शिकवणार? सरांनी पंखा बंद केला. खडूचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग टकटक.

"हे काय?"

वर्ग म्हणाला, "फुफ्फुस."

"कोणाचं?"

"माणसाचं."

"श्वास घेतला का हे काय करते?"

"फुगते."

सगळा धडा त्यांनी असाच शिकवला. अडणारा प्रत्येक शब्द साठ पोरं एका सुरात त्यांच्यासाठी म्हणत होती, आणि आपण काय करतो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. तास संपल्यावर मी पार्टिशनच्या दारातून फळा पाहिला. गुलाबी खडूनं काढलेली दोन फुफ्फुसं इतकी हलकी दिसत होती, की पंखा लावला असता तर उडाली असती.

गच्चीवरून मात्र आवाज येईनासा झाला.

शनिवारी दुपारी मी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडायची. सर त्याच गाडीनं अकोल्यापर्यंत यायचे आणि तिथून बसनं बाळापूरला जायचे. आम्ही बऱ्याचदा एकाच डब्यात असायचो, पण वेगवेगळ्या बाकांवर. त्या शनिवारी ते येऊन माझ्या समोर बसले.

"म्याडम, अकोल्याले एक काम हाय. तिले देखाले जायचं हाय. तुमी संगं चालता?"

ती कोण, हे मला कळलं नाही. सरांनी दोन्ही हात उचलून हवेतच बोटं हलवली.

मग त्यांनी सांगितलं. जुनी बासरी आता वाजत नव्हती. ओठ तिच्यावर नीट बसत नव्हता, फुंकर फाटत होती. पण तोंडाचं भोक थोडं वेगळं असेल, कड थोडी पातळ असेल, तर एखादी दुसरी बासरी या ओठांना चालेल, असा त्यांचा हिशेब होता. अडचण वेगळीच होती. "माझ्या कानात माझाच श्वास वाजते. आवाज आला का नुसती हवा गेली, मले कळत नाही. तुमी दुरून ऐका अन् मान हलवा. हो का नाही, इतकंच."

"मला संगीतातलं काही कळत नाही सर."

"तेच चांगलं. कळणारे लोक गोड सांगतात."

गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे उगाच थांबली होती. वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या शेतावर ऊन पसरलं होतं, आणि रुळांशेजारच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून हलत होते. मी बराच वेळ वाक्य जुळवलं आणि विचारलं, "आणि नाहीच आला आवाज तर?"

सरांनी चष्म्याखालून रुमाल फिरवला. "डॉक्टर सांगते, जे यायचं ते उन्हाळ्यात येईल. नंतर आहे तसंच राहील." मग खिडकीकडे पाहत, "सांजेले मी अजून छतावर जातो, म्याडम. टाकीले टेकतो. ती हातात असते. अन् तसाच खाली येतो."

अकोल्यात जुन्या कापडबाजाराच्या मागं रफीकभाईंचं वाद्यांचं दुकान होतं. पुढं ढोलकी आणि ताशे, वर हार्मोनियमच्या पेट्या, आणि अगदी आत, लाकडी चौकटीत उभ्या लावलेल्या बासऱ्या. गल्लीतून तिरपं ऊन यायचं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत असायचे. रफीकभाई खाली मान घालून ढोलकीची दोरी ओढत होते. सरांना काहीतरी म्हणणं भाग होतं. त्यांनी ओठ मिटले, उजवीकडून हवा निसटली आणि 'ब'चा 'व' झाला.

"वासरी दाखवा."

"वासरू?" रफीकभाई मान वर न करताच म्हणाले. "जनावरांचा बाजार तिकडं हाय साहेब. इथं त्यांचं फक्त चामडं भेटते."

मग त्यांनी वर पाहिलं. हातातली दोरी तशीच राहिली. उठून त्यांनी खुर्ची पुसली आणि सगळ्या बासऱ्या काढून गालिच्यावर मांडल्या. त्या दिवसानंतर त्या दुकानात सर फक्त 'ती' म्हणायचे आणि तेवढं पुरायचं.

सर बासरी निवडतात कशी, हे पाहण्यासारखं होतं. वाजवणं अगदी शेवटी. आधी ते ती तळहातावर आडवी ठेवून डोळे मिटायचे, म्हणजे एक डोळा मिटायचे. "वजनानं कळते किती वाळली." मग दाराकडे धरून नळीतून उजेड पाहायचे. नखानं टिचकी मारून ऐकायचे. वास घ्यायचे. दोऱ्याची गुंडाळी अंगठ्यानं चाचपायचे. भोकांवरून बोटं फिरवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की आपण दुसरीकडे पाहावं. हे सगळं झालं की माझ्याकडे बघायचे. मी उठून दाराच्या उंबऱ्यापाशी जायची. ते बासरी ओठांना लावायचे.

हवा. नुसती हवा. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी.

मी मान हलवायची. नाही.

रफीकभाई तीच बासरी उचलून दोन सूर काढून दाखवायचे, म्हणजे दोष तिच्यात नाही हे कळावं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला वाटायचं, त्यांनी ती तशीच ठेवून द्यावी.

पुढचे सगळे शनिवार असे गेले. एका शनिवारी गाडीत सरांना वहिनींचा फोन आला. त्यांचा आवाज असा होता, की शेजारच्या बाकावरही ऐकू जावा.

"भाऊजी, शनिवारी घरी याले उशीर काहून होऊन राहिला?"

"अकोल्याले उतरतो. तिले देखाले."

"कोनाले?"

नेमकी गाडी पुलावर चढली होती. "दोन देखल्या. एक लय मोठी हाय, माझ्या हातात राहत नाही. दुसरी सावळी. अंगानं हलकी, आवाज गोड. लेकिन माझ्याजवळ आली का आवाजच काढत नाही."

मग वहिनी म्हणाल्या, "या वयात, भाऊजी?"

"वयाचं काय? श्वास चालते तोवर चालते."

"अन् घरच्याइले काही इचारलं नाही?"

"त्यात काय विचारायचं? म्याडम हायत संगं. हो का नाही ते त्याच सांगतात."

"द्या त्याइले फोन."

सरांनी फोन माझ्या हातात दिला. मला फोनवर बोलायला कधीच आवडत नाही.

"तुमी कोन जी?"

"मी सरांसोबत शिकवते."

"शिकेल हाय तं. मंग खरं सांगा, त्या सावळीत खोट काय हाय?"

मी मनात वाक्य नीट जुळवून घेतलं. "खोट काही नाही. फक्त सरांकडे असली की आवाज निघत नाही."

"मुकी हाय?"

"नाही, नाही. रफीकभाईंनी हातात घेतली की छान वाजते."

वहिनींचा आवाज खाली आला. "काय वाजते?"

"बासरी," मी म्हटलं.

वहिनींनी फोन कानाला तसाच ठेवून मागं कुणाला तरी सांगितलं, "बासरी हाय वं माय. बासरी पाहून राहिले ते. अन् मी इकडं दर्यापूरच्या सोयऱ्याइले फोन लावाले निघाली होती." मग हसण्याचा असा लोट आला, की मी फोन कानापासून दूर धरला.

सरही हसले. आजारानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. डावा अर्धा चेहरा हसत होता आणि उजवा, अजून गंमत कळली नसल्यासारखा, शांतपणे खिडकीबाहेर बघत होता. कितीतरी वेळ ते थांबून थांबून हसत राहिले. पण अकोला आलं, आम्ही उतरलो, आणि दुकानाच्या उंबऱ्यावरून मी पुन्हा मान हलवली. नाही.

उन्हं तापली. एका शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा वीज गेलेली होती. रफीकभाई पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते. त्या दुकानात एका कपाटाच्या दाराला आरसा होता. लग्नाच्या हंगामात बँडवाले त्यात बघून टोप्या नीट करायचे. खुर्ची उन्हात आली म्हणून सर ती सावळी बासरी घेऊन उठले आणि कपाटापाशी सरकले. डॉक्टरांनी त्यांना आरशासमोर चेहऱ्याचे व्यायाम करायला सांगितले होते, पण सर ते भिंतीकडे तोंड करून करायचे, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्यामुळे स्वतःला बासरी लावलेलं त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं असावं.

ते बघतच राहिले. बासरी उजवीकडे गेलेली होती, आणि तिच्याच खाली ओठाचा उजवा कोपरा, सैल, उतरलेला. डावी बाजू मोकळी, काही कामाला नसलेली.

सरांनी बासरी खाली घेतली. हातांची अदलाबदल केली. मग ती डावीकडे धरली.

"उलटी झाली सर," रफीकभाई म्हणाले.

सरांनी ओठ जुळवले. फुंकर मारली. हवा. बासरी थोडी फिरवली. हवा. पुन्हा फिरवली, पुन्हा. रफीकभाईंचा पुठ्ठा थांबला होता. आणि मग त्या हवेच्या आतून काहीतरी निघालं, केसाएवढं बारीक, आणि लगेच तुटलं.

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो.

"नक्की?"

मी पुन्हा हलवली. बोलायला हवं होतं, पण जुळवायला वाक्यच नव्हतं.

ते खुर्चीत बसले, दम खाल्ला, आणि बोटं ठेवायला गेले. तिथं घोटाळा झाला. जी बोटं इतकी वर्षं विचार न करता उठायची-बसायची, ती हात बदलल्यावर एकमेकांत अडखळू लागली. वरचा हात खाली, खालचा वर. सावळीची भोकं दूर दूर होती. एक झाकलं की दुसरं उघडं पडे. सा मिळाला, पुढचा रे काही मिळेना. सरांच्या मानेवरून घाम उतरत होता. मी तिथून निघून जावं की काय, असं मला वाटलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी सावळी रुमालानं पुसली आणि स्वतःच नेऊन चौकटीत उभी ठेवली. थोडा वेळ हात तिच्यावरच होता.

"ती वाजवणाऱ्याची हाय," ते म्हणाले. "आता मी तुमच्या दुकानातलं सगळ्यात कच्चं गिऱ्हाईक. वासरी द्या. एक लहान."

अक्षर टाळायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. रफीकभाईंनी शाळकरी पोरांसाठी टोपलीत ठेवलेल्या बासऱ्यांतून एक आखूड, पिवळी बासरी काढली, तोंडानं नव्हे तर नखानं वाजवून पाहिली, आणि कागदात गुंडाळली. "घ्या सर. वासरीच हाय. चारा घाला, गाय होते."

मी घरी चालत गेले. सर बसस्टँडकडे वळले. त्या दिवशी ती निवडताना त्यांनी ना वजन पाहिलं, ना वास घेतला.

नवी बॅच सुरू व्हायच्या आधी सरांनी क्लास सोडला. भावाकडे राहायला गेले, तिथंच एका कॉलेजात शिकवतात, असं कळलं. निरोपाच्या चहाला ते आले होते, चष्मा नव्हता, डोळा बराचसा मिटत होता. कुणीतरी वाजवायचा आग्रह केला. सरांनी हात जोडले. त्या केसाएवढ्या आवाजाच्या पुढं ते गेले की तिथंच थांबले, हे मला कळलं नाही. विचारता आलं असतं, नंबर होता. मी फोन केला नाही.

दिवाळीनंतर मी अकोल्याहून अमरावतीला परत निघाले होते. रुळांचं काम चालू असल्यानं त्या दिवशी बस. ड्रायव्हरनं इंजिन सुरू करून ठेवलं होतं आणि सगळी खिडकी थरथरत होती, बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. सकाळचं धुकट ऊन, डिझेलचा धूर, आणि त्या धुरापलीकडे, अकोला स्टँडवर बाळापूरच्या गाड्या लागतात त्या फलाटावर, खांबाला टेकून गावंडे सर उभे होते. आखूड पिवळी बासरी डावीकडे धरलेली. बोटं हळू, एकेक करून उठत होती. डोळे मिटलेले होते, दोन्ही.

आवाज येतो आहे की नुसती हवा जाते आहे, ते इथून कळत नव्हतं. आजूबाजूची माणसं आपापल्या पिशव्या सांभाळत होती. कुणी वळून पाहत नव्हतं. मी काच सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही.

सरांच्या पायाशी एक बाई झेंडूची टोपली घेऊन बसली होती. हार ओवता ओवता ती थांबली. तिनं मान वर करून सरांकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, एका कानावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, की दादा, तिकडं व्हा जरा.

सर दोन पावलं सरकले. बासरी ओठांवरून काढली नाही.

बाईनं पुन्हा खूण केली, अजून लांब. ते आणखी सरकले, आणि आमची बस वळली.